मुक्ताबाईच्या तलंगा

मुक्ताबाई मेलबर्नला लेकीच्या बाळंतपणासाठी गेली त्याला तीन महिने झाले होते. तिकडून तिनं नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं, "सहा तलंगा आणून ठेवा. म्हाताऱ्या कोंबड्यांची अंडी आता संपत आली. मी येईस्तोवर नव्या अंड्यावर येत्याल."

संपतराव पीएमटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं बस चालवली, पण कात्रजच्या घरामागच्या खुराड्यात काय चालतं ते कधी वाकून पाहिलं नव्हतं. तरी सोमवारी सासवडच्या बाजारातून त्यांनी अडीच महिन्यांच्या सहा कोवळ्या कोंबड्या आणल्या आणि जुन्या पाचांत थेट सोडून दिल्या. सकाळची वेळ आहे, ओळख होईल, असा त्यांचा हिशेब.

तांबडी कोंबडी पिसं फुलवून धावली. पाच मिनिटांत सगळ्यात बारक्या तलंगीच्या डोक्यातून रक्त आलं. संपतरावांनी तिला शर्टात गुंडाळलं आणि फोन लावला.

"अहो, असं सोडत्यात का?" मुक्ताबाई तिकडून ओरडली. "लगीन झालेल्या पोरीला बी सासरची मानसं चार दिस लांबूनच बघत्यात! जखमेला हळद लावा. मधी जाळी बांधा. दहा-बारा दिस एकमेकींना नुस्तं दिसू द्या."

"आणि खायला?"

"जुन्यांचं पोत्यातलं खाद्य नव्यांना घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना जास्त असतो, कोवळ्यांना तो बाधतो. वाढीचं खाद्य आणा, तेच सगळ्यांना घाला. आन् शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. जिला लागंल ती खाईल."

"तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

"तुम्ही ड्यूटीवर असताना कोंबड्यांनीच," ती म्हणाली आणि बाळ रडलं म्हणून फोन ठेवला.

संपतरावांनी जाळी बांधली. सकाळी दोन्हीकडे खाद्य घालायचं, पाणी बदलायचं, बारकीच्या डोक्यावरची खपली बघायची. दुसरीच अडचण संध्याकाळी यायची. जुन्या कोंबड्या त्यांच्या हाकेला दाद देत नव्हत्या. 'चला, चला' म्हणत ते अंगणात फिरायचे आणि कोंबड्या पेरूखाली निवांत बसायच्या. शेवटी मुक्ताबाईनं व्हॉट्सअॅपवर आपली हाक पाठवली, "तीऽ तीऽ तीऽ, या गं बायांनो, याऽ."

संपतरावांनी फोन उंच धरून ती वाजवली. तांबडी मान वर करून धावत आली, मागोमाग बाकीच्या. खुराड्याचं दार लावून झालं तरी त्यांनी हाक आणखी दोनदा वाजवली. तेव्हा अंगणात कोंबडी एकही उरली नव्हती.

बाराव्या दिवशी जाळी काढली. "एकाच जागी घालू नका," मुक्ताबाईनं बजावलं होतं, "तीन-चार ठिकाणी पसरा, म्हंजी तांबडीला सगळीकडं राज्य करता येणार न्हाई." त्यांनी चार वाडगी मांडली. तरी बारकी भिंतीला चिकटून उभी होती. मग संपतराव स्टूल घेऊन पाचवं वाडगं पायाशी ठेवून बसले. अर्ध्या तासानं ती आली आणि त्यांच्या चपलेमागं उभी राहून टिपू लागली. हे मुक्ताबाईला कधी सांगतो असं त्यांना झालं.

पण त्या दिवशी फोन लेकीचा, तनुजाचा आला. "आबा, पाळणाघरात जागा आणखी तीन महिने नाहीये. माझी रजा संपतेय. आईला थांबू देशील का? व्हिसाचं मी बघते."

"थांबू दे की," ते लगेच म्हणाले.

मग मुक्ताबाई फोनवर आली. "तुमचं चालतंय नव्हं?"

"झकास चाललंय. तू काळजी करू नको."

"बरं," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. त्यांचं बारकीचं सांगायचं राहून गेलं.

दोन दिवस त्यांनी कामापुरतेच फोन केले. कॅलेंडरची पानं उलटून तीन महिने कुठं संपतात ते पाहिलं आणि कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून लावलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हाक वाजवली, तेव्हा जुन्यांच्या आधी सहाही तलंगा पळत आल्या. ज्या बाईला तलंगांनी कधी पाहिलंच नव्हतं, तिचा आवाज ऐकून त्या माना वळवून तिला शोधत होत्या. संपतराव ओसरीच्या पायरीवर टेकले.

सकाळी कोंबड्यांना खायला घातल्यावर त्यांनी व्हिडिओ फोन लावला. "मुक्ता, ऐक. मला इथं करमत न्हाई."



"त्या दिशी झकास म्हनला की," ती म्हणाली.

"खोटं बोललो."

"मी बी वाट बघत होते, तुम्ही 'ये' म्हनता का म्हनून." ती सांगू लागली. "इथं कशाची कमी न्हाई ओ. लेक हाय, नात हाय. पन खिडकी उघडली तरी बाहेर कुनी ओळखीचं बोलत न्हाई."

"मग येतेस?"

"पोरीला आता सोडून कशी येऊ? तुम्हीच सांगा."

तीन महिने तीन महिनेच राहिले. त्यात एक दिवसही कमी झाला नाही.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"न्हाई. शेजारणीनं आत्ताच भाकरी दिलीय. एकट्याला घास जात न्हाई."

"इथं दुपार झालीया. माझं बी ताट वाढलंय. जा, तुमचं घेऊन या, मी हाय फोनवर."

संपतराव आत जाऊन भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन आले. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर मुक्ताबाईनं भात कालवला. दोघं जेवायला लागले.