गोल न खाल्लेली गोलकीपर

नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या कॉलेजात फुटबॉलचे दोन संघ आहेत. मुलांचा संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरतो. मुलींचा संघ दरवर्षी विजेता ठरतो, कारण समोर मुलींचा दुसरा संघच येत नाही. घाम मुलं गाळतात, कप मुली आणतात. प्राचार्य दोघांचंही सारखंच कौतुक करतात.

नगमा या विजेत्या संघाची गोलकीपर. दोन वर्षांत तिनं एकही गोल खाल्ला नव्हता. सामन्यात तिच्याकडे चेंडूच आला नव्हता. मुलांचा गोलकीपर कुंदन मागच्या सामन्यात नऊ खाऊन आला होता. तो म्हणायचा, "नगमे, तू नशिबाची हायेस." नगमाला त्या नऊ गोलांतला एक तरी हवा होता. हे तिचं शेवटचं वर्ष. पुढं बी.एड., आणि त्या कॉलेजात मैदानाच्या जागी पार्किंग होतं.

यंदा अकोल्याच्या एका कॉलेजानं कळवलं, आमचाही मुलींचा संघ आहे, या खेळायला. नगमा आठवडाभर वेळेआधी सरावाला येत होती. क्रीडाशिक्षक धर्मपाल सर मात्र गाडीत बसताना म्हणाले, "आता आपण हरू बी शकतो."

अकोल्याच्या मैदानावर त्यांच्या सहाच मुली उभ्या होत्या. नियमानं निदान सात लागतात.

"सातवी रागिणी हाये," त्यांची कॅप्टन गीतांजली म्हणाली. "केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलले बसली. येऊनच राह्यली."

पंच म्हणाले, "आधी पाहुण्यांची ओळखपत्रं तपासतो. यादीवर सही झाली का पंधरा मिनिटं थांबतो. मंग वॉकओव्हर, पाहुणे न खेळताच जिंकले."

धर्मपाल सरांचा चेहरा खुलला. "चला पोरीहो, पटापट कार्डं काढा. जेवाले घरी जाऊ."

दहा कार्डं निघाली. अकरावं निघेना.

"सर, माहं कार्ड सापडून नाही राह्यलं," नगमा म्हणाली.

"काहून? सकाळी त म्याच पाह्यलं!"

"मले बी तेच समजून नाही राह्यलं."

शोध सुरू झाला. बॅगांतून डबे, ओढण्या आणि कोणाचा तरी चार्जर निघाला. गाडीच्या सीटखाली गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र सापडलं. अर्धा तास गेला. पंचांचं घड्याळ नियमानुसार अजून सुरूच झालं नव्हतं. कार्ड नगमाच्या डाव्या मोज्यात पोटरीला टोचत होतं. ती अधूनमधून फाटकाकडे पाहत होती.

शेवटी धर्मपाल सरांनी यादी ओढून घेतली. "खोडा हिचं नाव! दहा जणी उभ्या करा. वॉकओव्हरले गोलकीपर कायले पाह्यजे?"

त्यांनी सही ठोकली. पंचांनी घड्याळ लावलं.

बाराव्या मिनिटाला रागिणी पांढरा ॲप्रन घालूनच धावत आली. हातावर पिवळा डाग होता.

नगमानं मोज्यातून कार्ड काढून पंचांपुढं धरलं. "सापडलं, सर."

"चांगलं झालं," पंच म्हणाले. "नीट ठेव. यादी त बंद झाली आता."

तिनं धर्मपाल सरांकडे पाहिलं. सर कार्डाकडे पाहत होते. ते घामानं ओलं झालं होतं.

नगमाचे हातमोजे प्रणालीनं घातले. ती एरवी बचावाला असते. तिला ते सैल झाले. नगमा गोलच्या जाळीमागं जाऊन बसली. पहिला गोल प्रणालीच्या डोक्यावरून गेला. नगमाला तो अडवता आला असता, किंवा आला नसता. ते आता कोणालाच कळणार नव्हतं, तिलाही नाही.

चौथ्या गोलनंतर धर्मपाल सर तिच्या शेजारी येऊन बसले.

"मुद्दाम केलं?"

"हो, सर."

"काहून बाप्पा?"

"मॅच व्हावी म्हणून."

सरांनी मैदानाकडे हात केला.

"मंग? झाली ना?"

"झाली," नगमा म्हणाली.