बोट पेते का उत्तम पेतो

सुदामच्या बोटीला नवं इंजिन बसवून द्यायला मी हो म्हणालो, तेव्हा ती बोट नीट करायचा माझा अजिबात विचार नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी देवमाणूस समजायला नको. मला ती बिघडवायची होती. गळ टाकायला आलेले नांदेडचे शौकीन तिच्यात बसलेले असावेत, सिद्धेश्वर धरणाच्या ऐन मध्यावर तिने मान टाकावी, आणि सुदामने पांढऱ्या कपड्यांत घामाघूम होऊन वल्हं मारत काठाला यावं, एवढंच माझं मागणं होतं.

बोट दिसायला देखणी. कोकणात कुणीतरी समुद्रात गळाने मासे धरायला ठेवलेली, जुनी झाली म्हणून विकायला काढलेली. फायबरची. मागच्या कठड्याला गळाच्या काठ्या उभ्या करायच्या नळ्या, मध्ये गरगर फिरणारी एक खुर्ची. सुदामने ती ट्रेलरवर घालून आणली त्या दिवशी औंढ्यातले दुकानदार गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर आले होते. सुदाम आमच्याच तांड्याचा, धंदा मंडप-डेकोरेशनचा. त्याला सगळीकडे झालर लागते. सुट्टीच्या दिवशी नांदेड-परभणीची माणसं यायची, मोठा कटला गळाला लागला की त्याला लेकरासारखं छातीशी धरून फोटो काढायची. बोट चालवायची, तिचं तेलपाणी बघायचं ते माझ्याकडे. मी उत्तमसिंग. त्याआधी शेताशेतातून पाण्याची डिझेल इंजिनं दुरुस्त करत फिरायचो.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग बोट जास्त डिझेल मागू लागली. तेच धरण, तीच फेरी, तेवढीच माणसं, आणि कॅन मात्र वाढत चालले. मी इंजिन दोनदा खोललं, नोजल साफ केले, पाण्यातला पंखा घासून काढला. इंजिन ठणठणीत होतं. सुदाम नुसता कॅनकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

एका दिवशी त्याने तांडा जमवला. सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर तांड्याचे प्रमुख हिरासिंग नायक बसले होते, भोवती सगळे भाऊबंद. सुदाम उभा राहिला आणि हसत हसत म्हणाला, "आता तुमीच सांगा, बोट पेते का उत्तम पेतो?"

लोक खदखदून हसले. डिझेल जात होतं हे खरं. कुठे जात होतं ते मला सांगता येत नव्हतं, आणि ज्याला सांगता येत नाही त्याने घेतलं असणार, एवढा साधा न्याय झाला. नायकांनी दंड केला नाही. "उत्तम, बोट सोड आन गपगुमान ऱ्हा," एवढंच म्हणाले. गपगुमान राहा म्हणजे चोर ठरलास, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यानंतर मी कुणाच्या शेतात इंजिन दुरुस्त करायला गेलो, की मालक आधी डिझेलचा कॅन उचलून झोपडीत ठेवून यायचा. माझ्या देखत. वर हसून म्हणायचा, "ऊन लई हाय ना, म्हणून आत ठिवला." लग्नात पंगतीला बसलो की पोरं मागून "लिटरभाऊ" म्हणून हाक मारायची. मी वळून बघायचो तर सगळी जेवणात दंग. मला इतका संताप यायचा की अर्ध्या ताटावरून उठून यायचो. रात्रंदिवस सुदामचं तोंड डोळ्यांसमोर.

माझ्या जागी सुदामने आखाडा बाळापूरचा जळबा आणला. वर्षभराने तो मला बाळापूरच्या बाजारात भेटला. चहा पाजला आणि म्हणाला, "उत्तमभाऊ, माझ्यावर बी डिझेलचंच आलं बघा. मी म्हणलं, घे तुझी बोट, घाल धरणात." तो दुसऱ्या गावचा, त्याला हसता आलं. मी घरी येईपर्यंत हात चोळत होतो. म्हणजे मी गेल्यावरही बोट तेवढंच पीत होती, हे सुदामला पक्कं ठाऊक होतं. तरी मंदिरासमोर येऊन 'उत्तमचा काही दोष नव्हता' एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. आणखी दोनेक वर्षांनी त्याने इंजिनाला शिव्या घालायला सुरुवात केली आणि नवं इंजिन मागवलं. संक्रांतीनंतर गळाची स्पर्धा भरवायची म्हणून सगळीकडे बोर्डही लावले.

ते बसवायला माणूस मिळेना. ट्रॅक्टरवाले येऊन बघून गेले. पाण्यात फिरणारा शाफ्ट इंजिनाशी केसाच्याही फरकाशिवाय जुळवावा लागतो, नाहीतर बोट थरथरून स्वतःचेच बोल्ट सैल करते. ते काम या भागात मीच केलेलं. शेवटी नायकांचा फोन आला. "उत्तम, तांड्याच्या इज्जतीचा सवाल हाय."

माझ्या इज्जतीचा सवाल होता तेव्हा नायक कुठे होते, असं अगदी ओठावर आलं. पण मी गोड आवाजात म्हणालो, "येतो की, नायक."

बोट धरणाच्या काठावर ओढून घेतली होती. सुदामच्याच मंडपाच्या तीन बल्ल्या उभ्या करून, चैनपुली बांधून मी जुनं इंजिन बाहेर काढलं. सुदाम लांब उभा राहून फोनवर बोलत होता. माझ्याशी बोलताना "उत्तमभाऊ, उत्तमभाऊ" चाललं होतं, जणू मधली वर्षं आम्ही रोज एका ताटात जेवत होतो. दुपारी तो गेला. नवं इंजिन आखूड होतं, त्याच्या पायांसाठी नवी बैठक करायची तर बोटीतला चालायचा पत्रा थोडा कापायला हवा होता. वर हा फायबरचा पत्रा, खाली बोटीचं बूड, आणि मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो, बोट तरंगावी म्हणून.

मी कटर लावला आणि तुकडा उचलला तर पाणीच वर आलं. काळं, कुजकट वासाचं. आत हात घातला. फोम लिबलिबीत झाला होता. एक तुकडा ओढून काढला तर दोन्ही हातांनी पेलवेना. पुढे कापलं, तिथेही तेच. मागे कापलं, तेच. त्या बोटीच्या पोटात चार-पाच पिंपं तरी पाणी असावं. इतकी वर्षं इंजिन ते पाणी उचलून धरणभर फिरवत होतं. प्यायचं नाही तर काय करायचं?

पाणी गेलं कुठून, ते शोधायला वेळ लागला नाही. शौकिनांना सावली हवी म्हणून सुदामने बोटीवर मंडप घातला होता. पहिलं वर्ष सरताना मी होळीला सासरी गेलो होतो तेव्हा, मंडपाच्या कामावरची पोरं हाताशी घेऊन. मंडपवाल्याच्या हाताला एकच सवय. मांडव म्हटला की आधी खड्डा पाडायचा. जमीन असो नाहीतर बोट. त्याने चारी बाजूंनी चालायच्या पत्र्याला भोकं पाडून खांबाच्या बैठका बोल्टने आवळल्या होत्या, वर झालर सोडली होती. पावसाचं पाणी, रोज बोट धुतल्याचं पाणी, सगळं त्या भोकांतून आत उतरत राहिलं. आत जायला वाट होती, बाहेर यायला नव्हती.

मी तिथेच त्या ओल्या फोमवर बसलो आणि रडलो. आनंद वगैरे काही नाही, निव्वळ रागाने रडलो.

मग वाटलं, झाकून टाकावं. आतल्या लाकडाच्या पट्ट्या भुसभुशीत झाल्या होत्या. त्यांच्यावर नवं जोरदार इंजिन बसवलं तर स्पर्धेच्या दिवशी ते मुळासकट उखडलं असतं आणि बोट बघता बघता तळाला गेली असती. मला काही करायलाच नको होतं. फक्त गप्प राहायचं. पण बोटीबरोबर माझा पुरावाही धरणात गेला असता. म्हणून मी थांबलो. आत बसणाऱ्या माणसांचा विचार मला आधी आला असता तर बरं झालं असतं, पण नाही आला.

मी वर ताडपत्री टाकली आणि सुदामला फोन केला. "भाऊ, नवं इंजिन बसायच्या आधी भोग लावू. एवढं मोठं काम हाय. सगळा तांडा बोलव."

सुदामला असलं काम दोनदा सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी धरणाच्या काठाला त्याने गुलाबी मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, भोंगा लावला. नायक आले, भाऊबंद आले. माझी बायको शिला आली नाही. ती तांड्याच्या कार्यक्रमांना जायची बंद झाली होती. निखाऱ्यावर गूळ-तुपाचा भोग चढला, नायकांनी अरदास म्हणून देवाची प्रार्थना केली, आणि सुदाम माइक घेऊन स्पर्धेबद्दल बोलू लागला. तो पुरता रंगात आल्यावर मी ताडपत्री ओढली.

फोम मी रात्रीच काढून काठावर रचून ठेवला होता. त्यातून अजून पाणी गळत होतं.

"हे काय हाय, उत्तम?" नायकांनी विचारलं.

"बोटीच्या पोटातून निघालं, नायक. हेच वझं घेऊन बोट फिरत व्हती. म्हणून डिझेल पेत व्हती."

सुदामचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण गडी पट्टीचा. "काल धुतली आसंल यानं बोट. त्याचं पाणी आसंल ते."

"बरं. मग ही तुझ्या खांबाची बैठक तूच खोल," मी पाना त्याच्या हातात दिला. "मी हात लावत न्हाई. न्हाईतर म्हणशील, उत्तमनं भोक पाडलं."

सगळे बघत होते. त्याला खोलावीच लागली. खाली गंजलेलं भोक. मी तांब्याभर पाणी आणलं आणि नायकांच्या हातात दिलं. त्यांनी ते भोकावर ओतलं. सगळं पाणी आत गेलं, वर थेंबही राहिला नाही. आत पोकळीत ते सांडल्याचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"हे भोक कुणी पाडलं?" नायक म्हणाले.

सुदाम हातातला पाना पुसत बसला.

मी माइक उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. खरं सांगतो, आयुष्यात इतकं सुख मला कशानेच झालं नव्हतं. "तवा तू सगळ्यांना इचारलं व्हतं. आता तूच सांग. बोट पेत व्हती का उत्तम पेत व्हता?"

"बोट," तो पुटपुटला.

"भोंग्यातून ऐकू येऊ दे."

"बोट पेत व्हती. उत्तमनं काई घेतलं न्हाई. माझं चुकलं."

मला वाटलं होतं, आता लोक सुदामला फाडून खातील. निदान चार जण तरी त्याची छीथू करतील. कसलं काय! कुणीतरी म्हणालं, "आमाला तर तवाच वाटलं व्हतं, उत्तम तसला न्हाई." लगेच दुसरा म्हणाला, "मी बायकूला बोललो बी व्हतो." नरसिंग, ज्याने कॅन झोपडीत ठेवला होता, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "खऱ्याला मरण न्हाई, उत्तमभाऊ." पाच मिनिटांत मला चोर म्हणणारा एकही माणूस तिथे उरला नाही. मग चहा आला. सुदामने स्वतःच्या हाताने मला कप दिला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "फोम मी नवा आणतो, लाकूड बी आणतो. इंजिन बसवून दे, भाऊ. स्पर्धा तोंडावर आली." नायक म्हणाले, "मिटलं आता. बसव, उत्तम." आणि मीही चहा पीत "उद्या येतो" म्हणून बसलो. माझं नाव परत मिळालं होतं. आता आणखी काय ताणायचं, असं वाटलं.

घरी आलो तर शिला चुलीपाशी भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. फोम, भोक, तांब्या, माइक. सुदामच्या आवाजाची नक्कलसुद्धा करून दाखवली. (घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगतो.) तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली.

"काय झालं?" मी म्हणालो. "आनंद न्हाई झाला?"

"म्हणजे तुमी खरंच घेतलं नव्हतं?"

मला आधी कळलंच नाही. "तुला काय वाटलं व्हतं?"

"मला वाटलं व्हतं, घेतलं आसंल." तिने भाकरी काढून बाजूला ठेवली. "त्या साली पोरीला दवाखान्यात ठिवलं व्हतं. मला वाटलं, तिच्यासाठी घेतलं आसंल. म्हणून मी कदी इचारलं न्हाई. म्हणलं, काहून लाजवायचं?"

"आन हापशावर जिवनबाईच्या झिंज्या धरल्या व्हत्या, 'माझ्या नवऱ्याला चोर म्हणती का' म्हणून? ते काय व्हतं?"

"मग काय करू? तिनं काहून बोलावं माझ्या नवऱ्याला?"

ती पुढची भाकरी थापायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबला नाही. इतकी वर्षं ही बाई एका चोराबरोबर राहत होती. चोर म्हणूनच तिने माझं ताट वाढलं, माझ्या शेजारी झोपली, माझ्यासाठी हापशावर मारामारी केली. आणि मी रोज रात्री तिच्याजवळ सुदामला शिव्या देत होतो तेव्हा ती "व्हय, व्हय" म्हणत होती. तिला ते सगळं नाटक वाटत असणार.

सुदामने तांड्यासमोर चूक कबूल केली होती. या चुलीपाशी येऊन कबूल करायला त्याला कुणी सांगणार नव्हतं, आणि सांगून उपयोगही नव्हता. मला त्याचा असा राग आला, जसा मंदिरासमोर उभं केलं त्या दिवशीही आला नव्हता.

सकाळी मी गेलो नाही. सुदामचा फोन आला, उचलला नाही. दुपारी नायकांचा आला, तोही उचलला नाही. स्पर्धेचा दिवस येऊन गेला. नांदेडची माणसं आली, काठावरच्या उघड्या बोटीशेजारी उभं राहून त्यांनी सुदामला काय काय ऐकवलं ते मला नरसिंगने रंगवून सांगितलं. नवं इंजिन अजून शेडमध्ये आहे. सुदाम कधी रस्त्यात भेटला तर हात जोडतो आणि म्हणतो, "भाऊ, मिटलं व्हतं ना?"

मी म्हणतो, "व्हय, तांड्यात मिटलं." आणि पुढे जातो.