दीड युनिटचा खेळ

“हे दीड युनिट कुठल्या हिशेबानं काढलंत, ताई?” हॉलमामांनी शिडीवरूनच विचारलं.

खाली पर्यावरण मंडळाची अध्यक्ष मुलगी हॉलच्या दारावर फलक चिकटवत होती. शनिवारी चार वाजता नद्यांवरचा माहितीपट, आणि खाली ठळक अक्षरांत ‘संपूर्ण खेळाला फक्त दीड युनिट वीज!’

“प्रोजेक्टर आणि स्पीकर, मामा. दोन तासांचे. तीनदा तपासलंय.”

“आणि एसी?”

मामा खाली उतरले, तिला मागच्या मीटरपाशी घेऊन गेले आणि एसी सुरू करून दाखवला. आकडे भराभर पळू लागले.

“तासाला तीस युनिट खातो हा. वर वीज वाचवायचं लेक्चर आम्हालाच!”

“अहो मामा, फलक कॉलेजभर लागलेत! आणि प्राचार्य सर येणारेत. एसी नसला तर लोक अर्ध्यातून उठून जातील.”

“मग फलक बदला, नाहीतर हॉल माझ्यावर सोडा.”

हॉलमामा असे बोलत तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. एकतीस वर्षं हा हॉल त्यांच्या ताब्यात होता. एसी येण्याआधी छताखालच्या बावीस झरोक्यांवर तो गार राहायचा. प्रत्येक झरोक्याला लाकडी झडप आणि तिची दोरी होती आणि कुठली कधी ओढायची हे एकट्या मामांना ठाऊक होतं. आता सोमवारी ठेकेदार येऊन ते झरोके विटांनी बुजवणार होता. खाली फॉल्स सीलिंग आणि नवा, मोठा एसी. मामांनी विरोधाचे तीन अर्ज दिले, ते फायलीत जाऊन बसले. अर्ज वाचण्याची आपल्याकडे घाई नसतेच कुणाला.

शनिवारी पहाटे ते निघाले तेव्हा बायकोनं डबा हातात देता देता विचारलं, “अहो, पुढच्या महिन्यात निवृत्त होताय. नवा एसी बसला की ऑपरेटर म्हणून दोन वर्षं वाढवून मिळणारेत ना तुम्हाला?”

“हो.”

“मग हा काय उद्योग? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेताय.”

“एवढा चांगला हॉल डोळ्यांदेखत गुदमरवायचा आणि वर त्याचाच पगार घ्यायचा? नाही जमायचं आपल्याला.”

बायकोनं कपाळाला हात लावला. पण डब्यात दोन डाव भाजी जास्त होती, हे मामांना दुपारी कळलं.

पहाटेपासून त्यांनी सगळे झरोके उघडून भिंती गार होऊ दिल्या. ऊन चढताच पश्चिमेचे बंद केले. झाडांच्या बाजूची जमिनीलगतच्या झडपा उघड्या ठेवल्या आणि बाहेरच्या फरशीवर पाणी मारलं. सिनेमाला अंधार हवा, म्हणून पूर्वेच्या झरोक्यांसमोर वीतभर अंतर ठेवून काळे पडदे टांगले. वारा यावा, उजेड येऊ नये. मुलगी दर दहा मिनिटांनी येऊन हवेत हात फिरवून जात होती.

चार वाजता हॉल गच्च भरला. मामा स्विचबोर्डपाशी उभे राहिले. पडद्यावर नदी वाहू लागली, पण त्यांचं लक्ष लोकांवर होतं. कोण रुमाल काढतंय, कोण वहीनं वारा घेतंय. पाऊण तास झाला तरी कुणी नाही. पुढच्या रांगेत प्राचार्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली आणि मामांना इतका आनंद झाला की शीळच घालणार होते.

सिनेमा संपला. प्राचार्य बोलायला उठले. “छान कार्यक्रम. आणि आपला जुना एसी म्हातारा असला तरी आज काय झकास चालला!”

अध्यक्ष मुलीनं माइक घेतला. “सर, एसी बंद होता. सकाळपासून.”

तीनशे माना वर वळल्या. मामांनी काळे पडदे ओढून बाजूला केले आणि हॉलभर उजेड उतरला. आधी टाळ्या वाजल्या, मग कुणीतरी ओरडलं, “हे बुजवणार होते?” मग सगळेच ओरडू लागले. प्राचार्यांना हात वर करावा लागला.

ते मामांपाशी आले. “कुणाच्या परवानगीनं केलंत हे?”

“माझ्याच, सर. अर्ज दिले होते तीन.”

प्राचार्य थोडे ओशाळले. त्यांनी वर झरोक्यांकडे बघितलं. मग हलकेच म्हणाले, “सोमवारचं काम थांबवतो. पण मामा, नवा एसीच नको म्हटल्यावर ऑपरेटरची जागा राहत नाही. तुमची दोन वर्षं...”

“माहीत आहे सर. तेवढं गणित घरूनच करून आलो होतो.”

प्राचार्यांनी त्यांचा हात हातात घेतला. मामांना वाईट वाटलंच. हॉल वाचला होता, आणि पुढच्या महिन्यात आपण त्यात नसू.

लोक पांगल्यावर मंडळातल्या मुली दोऱ्यांपाशी जमल्या. कुठली आधी, कुठली नंतर हे एकीनं वहीत लिहून घेतलं होतं. अध्यक्ष मुलीनं पहिली दोरी सोडली.

“हळू. एकदम सोडलीत तर झडप फुटते,” मामा म्हणाले.

झरोका आवाज न करता मिटला. मग दुसरा, तिसरा. सातव्यापर्यंत मामांना काही सांगावं लागलं नाही. ते भिंतीला टेकून उभे होते, आणि दर झरोक्याबरोबर त्यांची रिकामी मूठ आपोआप थोडी सैल होत होती.