काचेआडची पहिली गाडी

"आपली गाडी पार्टावाचून कुणाच्या दारात उभी राहिली, तर लाज गिऱ्हाइकाची नाही, आपली."

मोठ्या मालकांचा हा आवाज ताईंच्या कानात तेलासारखा मुरला होता. कारखान्याच्या पार्टांच्या स्टोअरमध्ये त्या कामाला लागल्या, त्या दिवशी मालकांनी मूठभर वायसर त्यांच्या ओंजळीत घातले आणि हे वाक्य सांगितलं. मालक जाऊन चार वर्षं होऊन गेली. वाक्य काही गेलं नाही.

आजही सकाळी सकाळी त्या स्टोअरच्या फरशीवर बसून एक ऑइल पंप तेलकट कागदात गुंडाळत होत्या. डोंगराकडे जनावरांची डॉक्टरीणबाई होती, तिची गाडी या पंपावाचून सात महिने पडून होती. दोरीची गाठ मारताना ताई सवयीने गुणगुणल्या,

जा गं लोखंडाच्या लेकी, सासर तुझं दूर गावी,
तेलानं न्हाऊन घे गं, गंजाची ओळख नसावी.

पाठवणी करावी तशी त्या प्रत्येक पार्टाची पाठवणी करत. फक्त या लेकीचं माहेर कुठलं, ते त्या आणि त्यांचे यजमान सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारखाना लहान. महिन्याला पंचवीस मोटरसायकली, एकेक हाताने जुळवलेली. लोक शोरूममध्ये येत, टाकीवरून हात फिरवत, फोटो काढत आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या कंपनीची निम्म्या किमतीची गाडी घेऊन जात. त्यांचं तरी काय चुकलं? त्या कंपनीचा मेकॅनिक गल्लोगल्ली. आपला मेकॅनिक म्हणजे हाच कारखाना. धुराचे नवे नियम आले तेव्हा इंजिन नवं करावं लागलं, त्यात कारखान्याचा जीव अर्धा झाला. आणि जुन्या इंजिनाच्या उरलेल्या दोनशे गाड्या रस्त्यावर पोरक्या झाल्या. त्यांचे पार्ट ओतणारा म्हणाला, "हजार नग घ्या, मग साचा चढवतो. तुमच्या चाळीस नगांसाठी भट्टी कोण पेटवणार?"

ताईंनी ही गोष्ट धाकट्या मालकांच्या कानावर घातलीच नाही. वडील नुकतेच गेलेले, पोरगा रात्रंदिवस नव्या इंजिनात बुडालेला. बघू, दोन महिन्यांत काहीतरी होईल, असं त्या म्हणाल्या. मग स्टोअरमधला साठा संपला आणि शोरूममधल्या काचेआड त्यांची नजर गेली. मोठ्या मालकांनी बनवलेली पहिली गाडी. तेच जुनं इंजिन. लख्ख पुसलेली, कधीच न चालणारी.

यजमान याच कारखान्यातले निवृत्त फिटर. त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला पाने-पक्कड घेऊन आले तेव्हा कुरकुरले होते, "लोक सुट्टीला बायकोला सिनेमाला नेतात. माझी मला इंजिन सोलायला आणते."

"सिनेमात रडायलाच येतं ना तुम्हाला? इथं रडा."

चार वर्षांत पिस्टन गेला, कॅम गेला, गिअर गेले. वरचं कव्हर प्रत्येक वेळी जसंच्या तसं बसवलं. काल ऑइल पंप निघाला तेव्हा यजमानांनी टॉर्च आत धरून कानाकोपरा पाहिला. मग म्हणाले, "आता आत फक्त अंधार राहिलाय गं. तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगेन," ताई म्हणाल्या होत्या. कधी, ते म्हणाल्या नव्हत्या.

"ताई! अहो ताई, काचेची चावी!"

धाकटे मालक स्टोअरच्या दारात उभे. बाह्या दुमडलेल्या, एका हातात फडकं, दुसऱ्यात पेट्रोलचा डबा.

"पेट्रोल कशाला?"

"पहिली गाडी सुरू करायची. अकरा वाजता त्या मोठ्या कंपनीचे लोक येतायत. भागीदारीची बोलणी जमली तर त्यांचे कारखाने, त्यांची दुकानं, सगळं आपल्याला उघडं. नाही जमलं तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "बाबांची गाडी एका किकमध्ये बोलली ना, की त्यांना कळेल आपण कोण आहोत."

"नवी दाखवा की."

"नवी त्यांच्याकडे दहा आहेत, ताई. आणि खरं सांगू? माझं हुकमाचं पान वेगळंच आहे. जुन्या गाड्यांची चार वर्षांत एक तक्रार नाही. एक नाही! इतक्या लहान कारखान्याने शब्द पाळला. हे मी लिहून दिलंय त्यांना. ते तपासणार म्हणाले. तपासा म्हटलं, आमच्या ताई आहेत."

ताईंच्या मांडीवरचं पुडकं एकदम जड झालं. आपण गिऱ्हाइकांचं दुःख झाकलं, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. झाकले होते ते या पोराचे डोळे. पुडकं तसंच हातात घेऊन त्या उठल्या, चावी घेतली, त्याच्यामागून शोरूममध्ये गेल्या. काच सरकली. त्याने टाकीत पेट्रोल ओतलं, सीटवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचा तसाच, आणि किकवर पाय ठेवला.

"थांब."

चारचौघांत त्या त्याला 'अहो' म्हणत. आज शोरूममध्ये दोन वेल्डर उभे होते, तरी त्या 'थांब' म्हणाल्या. त्याने पाय तसाच ठेवून वळून पाहिलं.

"काय झालं ताई? रडताय का?"

"किक मारू नकोस, बाळा. आत काही नाही."

"म्हणजे?"

"पिस्टन एका बाईच्या गाडीत आहे, तिच्या नवऱ्याच्या आठवणीची गाडी. कॅम त्या रिटायर झालेल्या मास्तरांकडे. गिअर तिघांत वाटले. पंप आत्ता माझ्या हातात आहे. मी काढलं सगळं. ह्यांनी हात दिला, पण ठरवलं मी."

त्याचा पाय हळूहळू खाली आला. "पण... पार्ट येत होते ना? दर महिन्याला मी विचारायचो. तुम्ही म्हणायचात, येतायत."

ताईंनी पदराने डोळे पुसले नाहीत. सरळ त्याच्याकडे बघितलं.

"एकही आला नाही रे. चार वर्षांत एकही नाही. तुला सांगायला हवं होतं, तेव्हाच. मी सांगितलं नाही."