सहावं गाणं

नाव गुलाब आणि गाणी सगळी मसणवट्याची! जानराव मेश्रामांना पोराचं हेच खपत नसे. डोळ्यांत काजळ, अंगात काळा सदरा, गळ्यात गिटार. स्टील प्लांटमध्ये दिवसभर क्रेन चालवून आलेल्या माणसानं घरी येऊन भुताखेतांचं ऐकावं तरी कावून? "बुद्धाच्या घरात मुडदे कावून नाचवून राहिला बे?" असं ते ओरडायचे आणि गुलाब आपला खाली मान घालून हसायचा.

गुलाबच्या बँडनं पाच गाण्यांची कॅसेट काढली, 'राख की बरात'. सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानात ती धूळ खात पडली. पुढच्याच वर्षी उतईच्या रस्त्यावर ट्रकनं गुलाबला मोटरसायकलसकट उडवलं, आणि मग काय, दुनियाच उलटी! रायपूर-नागपूरच्या होस्टेलांतली पोरं कॉपीवरून कॉपी करून तीच कॅसेट ऐकायला लागली. जिवंतपणी कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.

शहाण्णव साली नागपूरच्या एका कंपनीनं ती नव्यानं काढायचं ठरवलं. गुलाबसोबत वाजवणारा अरुणकुमार तेच सांगायला क्वार्टरवर आला.

"काका, एक सहावं गाणंबी हाय. गुलाबनं जायच्या आधी घरीच टेप केलं होतं. कोनाजवळच नाही ते. कॅसेट असंन न घरात?"

जानरावांना भरून आलं. पोराचं एकही गाणं त्यांनी कधी पुरतं ऐकलं नव्हतं. तो गेल्यावर ऐकायची हिंमत झाली नाही. आता मात्र त्यांना त्याचा आवाज हवा होता, काही करून हवा होता.

"हाय न! त्याची चिंधीबी फेकली नाही मी."

ट्रंकेत वर नाव ना गाव अशी एकच कॅसेट होती. अरुणनं ती टेपमध्ये लावली. बुद्धवंदना सुरू झाली. आवाज जानरावांचाच होता.

गुलाब गेल्यावर पुण्यानुमोदनाला घरी वंदना झाली, त्या दिवशी त्यांनीच ती टेप केली होती. कोरी कॅसेट मिळेना म्हणून पोराच्या सामानातली हाताला लागली ती घेतली. नंतर ऐकवेना, म्हणून ट्रंकेत टाकली आणि विसरले. अरुणनं कॅसेट पुढे पळवली, उलटून पाहिली. दोन्हीकडे वंदना, मंडळींचं खोकणं, गुलाबच्या आईचं, शेवंताबाईंचं रडणं.

"ज्याच्यासाठी म्हटली, त्यालेच पुसून टाकलं रे मी!" जानराव म्हणाले आणि लेकरासारखे हमसून हमसून रडले. पाच तर आहेत, असं काहीतरी पुटपुटून अरुण गेला.

हिवाळ्यात नवी कॅसेट आली. वर गुलाबचा फोटो, काजळासकट. जानरावांनी पाचही गाणी कान देऊन ऐकली, मग परत ऐकली. टेप बंद झाला, तेव्हा शेवंताबाई मेथी निवडता निवडता काहीतरी गुणगुणत होत्या. ही चाल त्या पाचांतली नव्हती.

"हे कोनतं वं?"

"त्याचंच. घरी टेप केलं ते. मी तवा सैपाकघरात होती."

जानराव चटकन त्यांच्यासमोर येऊन बसले. "म्हन न. म्हन!"

शेवंताबाईंनी दोन ओळी म्हटल्या. चाल पक्की होती. मग त्या थांबल्या.

"पुढं?"

"पुढचं मले कसं येईन?" शेवंताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी ड्युटीवरून आले, आन् त्याले म्हटलं, दार लावून बोंबल."