क्रेनसाठी एझेलचा अर्ज

अमेरिकेतल्या बेसेमरच्या पोलाद कारखान्यात त्या सोमवारी नोटीस लागली आणि एझेल टॉलिव्हरच्या हातातला डबा पडता पडता राहिला. क्रेनवरची जागा रिकामी! भेदभावाविरुद्धच्या कोर्टाच्या निकालानंतर पहिल्यांदाच काळ्या माणसाला तिच्यासाठी अर्ज करता येणार होता.

"बघत काय बसलास? लिही की नाव!" त्याच्या जोडीदाराने, क्लीओफसने त्याला ढोसलं. "आणि वर्नेलवहिनीला सांग, आज कोंबडी तळायला घे."

चौदा वर्षं एझेल हेल्पर, पगार क्रेनवाल्याच्या निम्मा. तेवढ्यावर बँक घराला कर्ज देत नव्हती आणि लेकीचं नर्सिंग दोनदा हुकलं होतं. यंदाची फी भरायची मुदत शुक्रवारी संपत होती.

कारखान्याची रीतच उफराटी. गोरा पोरगा नवा आला की त्याला क्रेन शिकवायची काळ्या हेल्परने. शिकून झालं की पोरगा साहेब, हेल्पर जिथल्या तिथे. शिवाय साहेबांना दुपारी डुलकी लागली की क्रेन चालवायचीही हेल्परनेच, गुपचूप. सगळ्यांना ठाऊक, कागदावर मात्र कुठेच नाही. कागद फार सोयीचा असतो हो!

फोरमन प्रुइटने अर्ज वाचला. "अरे पोरा," अठ्ठेचाळीस वर्षांच्या एझेलला तो म्हणाला, "सहा महिन्यांचा अनुभव लागतो. तुझ्याकडे कुठाय?"

"आहे ना, साहेब."

"कोण सांगेल? खाली साक्षीदाराचं नाव लागतं. इथे तर रिकामंच आहे."

युनियनचा माणूस शेजारीच उभा होता. एझेलने त्याचं पेन मागून घेतलं आणि वाकून ठसठशीत नाव लिहिलं, हॉलिस प्रुइट.

फोरमनचे कान लाल झाले. "ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? साठ साली तुम्ही पहिल्यांदा वर चढलात, आणि घाबरून शिडीलाच चिकटलात. खाली कोणी उतरवलं? दुसऱ्या दिवशी परत वर नेऊन क्रेन कोणी शिकवली?"

"खरं का रे, हॉलिस?" युनियनवाल्याने विचारलं.

नाही म्हणावं तर भोवती वीस माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते पाहिलेलं. प्रुइटने दात-ओठ खात सही ठोकली. "चढ वर. चालवून दाखव."

एझेल शिडी चढला कसला, धावलाच! क्रेन हलवण्याआधी पायाने घंटा वाजवायची असा नियम होता. चोरून चालवताना त्याने ती चौदा वर्षांत एकदाही वाजवली नव्हती. क्लीओफसच खालून शीळ घालून माणसं बाजूला करायचा. आज एझेलने घंटेवर पाय दिला तो उचललाच नाही. अख्ख्या शेडने माना वर केल्या. बघा म्हणावं, नीट बघून घ्या!