बदलीचा माणूस

अनुजाने टोपलीतली एक तिसरी उचलून आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर टेकवली, मनगटाला हलका झटका दिला आणि शिंपल्याची दोन दारं वेगळी केली. मांस असलेली शिंपली टोपात, रिकामी सुपात. मागच्या दाराने वेनेसा आत आली तेव्हा टोप अर्धा भरला होता.

"काय गो वयनी, एवढ्यो तिसऱ्यो एकटीच खातलंस?"

"एकटी खंय? आई आसत मां."

पडवीत सासू, यशोदा, केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत बसली होती. हातातली सुरी पातीवरून सरसर खाली जात होती. वेनेसा शेजारच्याच घरातली, स्टॅनलीची बायको. न विचारता तिने पाट ओढला आणि सुपातली शिंपली एका बाजूला सारून बसली.

"स्टॅनलीक एजंटाचो फोन इल्लो," ती म्हणाली. "जितूदादाच्याच जहाजार जागा आसा म्हणता. फाल्या सकाळीच कुडाळाक जावन सही करूची. मी म्हटलंय, थांब, आधी वयनीक इचारतंय, मगे काय ती सही कर."

या किनाऱ्यावर जहाजाची चौकशी अशीच होते. एजंटाचं बोलणं पुरुष ऐकून घेतात, आणि ज्या घरचा माणूस त्या जहाजावर असेल त्या घरी बायको जाते. तिथे जे सांगितलं जाईल त्यावर सही होते, किंवा होत नाही. अनुजाचा नवरा जितेंद्र गेला तेव्हा तिला कुणाला विचारता आलं नव्हतं. त्या जहाजावर या बाजूचं कुणी नव्हतंच.

जहाज परदेशातल्या एका बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. मालकाने देणी बुडवली आणि तिथल्या कोर्टाने जहाज अडकवलं. खलाशी एकेक करून घरी गेले. जहाज विकलं जाईपर्यंत एक माणूस मात्र त्यावर राहिलाच पाहिजे, असा तिथला नियम. कप्तानाने एका कागदावर जितेंद्रची सही घेतली आणि स्वतः विमानात बसला. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. पासपोर्ट बंदराच्या कचेरीत. इंधन संपल्यापासून जहाजावर दिवे नाहीत. फळवाल्याची होडी जवळ आली की तिच्यावर फोन चार्ज व्हायचा, तेव्हाच घरी बोलणं.

पगार थांबला तो अनुजाने वाडीत कळू दिला नाही. वादळात छपराचे पत्रे उडाले तेव्हा नव्या पत्र्यांसाठी तिने पाटल्या पतपेढीत गहाण टाकल्या. पाटल्यांची पावती तरी मिळाली, पैसे भरून ती दाखवली की त्या सुटणार होत्या. जितेंद्र दुसऱ्याच्या देण्यापोटी गहाण पडला होता आणि त्याची पावती कुणी दिली नव्हती. एजंट एवढंच म्हणाला होता, "बदलीचा माणूस मिळाला की तुमचा सुटेल. आणि वहिनी, बोभाटा नको. बातमी फुटली तर तिथे कोण जाणार?"

तो माणूस स्टॅनली असेल, हे तिला आत्ता कळत होतं.

"जेवणाचां कसां थंय?" वेनेसाने विचारलं.

"सोताच रांधतत. काय व्हया तां."

"सायबा! आमच्याक अंडां उकडूक पाणी किती घालूचां ता कळणा नाय." वेनेसा हसली. "आणि खोली?"

"एकट्याची."

"बरां झालां. घोरलो तर दुसऱ्यांचो तरी जीव वाचलो. काम खूप आसा?"

"काम कमीच."

"कप्तान कसो? मागचो मेलो ह्याका कुत्र्यासारखो राबवी."

अनुजाने पुढची तिसरी पात्यावर टेकवली. "कप्तानाचो कायच त्रास नाय."

वेनेसाने मान हलवली. तोंडवलीच्या होडीवर पर्यटकांना डॉल्फिन दाखवून स्टॅनली कंटाळला होता. डॉल्फिन दिसला नाही की लोक त्याच्याच तोंडाकडे बघत बसतात, असं ती सांगत होती. मग तिचा आवाज खाली आला.

"एक खरां सांग. पगार येळार येता मां?"

अनुजाचा हात थांबला. पडवीतली सरसरही थांबली.

"नायतर ह्ये नवे पत्रे खंयसून इले गो?" यशोदा बाहेरूनच म्हणाली.

वेनेसाने वर पाहिलं. पत्र्यांना अजून चमक होती. पडवीत सुरी पुन्हा चालू झाली.

"तां पण खरांच म्हणा," वेनेसा म्हणाली. उठताना तिने अनुजाच्या खांद्यावर हात ठेवला. "नाताळाक सोडतीत मां तेका? आमची ॲश्लिन, पप्पा कधी येतलो म्हणान आतापासून इचारता."

"जितूक सोडतत मां आता," अनुजा म्हणाली.

वेनेसाला तेवढं पुरलं. अनुजाने एक वाटी तिसऱ्या तिच्यासाठी बाजूला काढली. वेनेसा नको नको म्हणाली आणि घेऊन गेली.

यशोदाने सोललेले हीर गोळा केले, सुंभाने बांधले आणि आत आली. सुनेकडे न बघता ती चुलीजवळ गेली.

"आंबट घालू मां?" तिने विचारलं.

"घाला."

यशोदाने टोपात चार आमसुलं टाकली.

संध्याकाळी फोन आला. जितेंद्रच्या आवाजामागे होडीचं इंजिन धडधडत होतं.

"बदलेक कोण गावलो काय?"

"गावलो. फाल्या सही करतलो."

मग तो म्हणाला, "आपल्यातलो नाय मां कोण? वाडीतलो आसलो तर नको, अनुजा. मी ऱ्हवतंय हंय."

शेजारच्या घरात स्टॅनली मोठ्याने कसल्यातरी गोष्टीवर हसला. बॅग माळ्यावरून काढल्याचा धप्पकन आवाज झाला. फोन कानाशी तसाच धरून अनुजा उठली आणि तिने त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

"नाय," ती म्हणाली. "वालावलचो आसा. तुमी ओळखणास नाय."

"लगीन झालेलो?"

"नाय. एकटोच आसा."

"मगे बरां," जितेंद्र म्हणाला. त्याचा श्वास सुटल्याचं तिला फोनमधून ऐकू आलं. "तेका सांग, येताना जाडसां सुती कापड घेवन ये. हंय पावसाचां पाणी गाळून पिवचां लागता. आणि एकदम सगळां पिया नको म्हणान सांग, सुरवातीक पोटात दुखता. इसरशीत नाय मां?"

"सांगतंय," अनुजा म्हणाली.